साक्षींचे साम्य : प्रथिनांच्या अनुक्रमांची तुलना आणि एटीपी-बंधक खंडांची ओळख

१

एकाच ग्रंथाच्या अनेक पोथ्या समोर ठेवून त्यांतील पाठ एकमेकांशी ताडून पाहणे, कोणता पाठ सर्व शाखांत टिकून राहिला आहे आणि कोणता एखाद्याच शाखेत मागाहून शिरला आहे हे ठरविणे, ही पाठचिकित्सेची रीत भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांस अपरिचित नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी पाठांतरांमुळे अशुद्ध झालेली ज्ञानेश्वरी शुद्ध केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली आरंभिलेले महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे कार्य १९६६ मध्ये पूर्णतेस गेले. या दोन्ही उद्योगांमागे एकच प्रश्न उभा आहे : अनेक हातांनी उतरवून घेतलेल्या, आणि उतरविताना बदलत गेलेल्या मजकुरात, न बदललेले असे काय उरले, आणि जे उरले ते का उरले?

हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जीवरसायनशास्त्रासमोर उभा राहिला. १९६५ साली एमिल झुकरकांड्ल आणि लायनस पॉलिंग यांनी एका निबंधात सजीवांतील काही रेणूंना उत्क्रांतीच्या इतिहासाचे दस्तऐवज म्हटले. हा शब्दप्रयोग केवळ आलंकारिक नव्हता. दस्तऐवजांची परीक्षा ज्या रीतीने केली जाते, जवळजवळ त्याच रीतीने प्रथिनांचीही करता येते, आणि त्यातून प्राचीन नातेसंबंधच नव्हे, तर आज चालू असलेल्या कार्याचाही शोध लागतो. १९८२ साली केंब्रिज येथे जॉन वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला शोध हे या पद्धतीचे एक ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात त्या शोधाच्या आधाराने ही पद्धती कशी चालते, तिचे निष्कर्ष कोठवर विश्वसनीय मानावेत आणि पाठचिकित्सेशी तिचे नाते कोठे तुटते, याचा विचार केला आहे.

२

प्रथिन म्हणजे ॲमिनो अम्लांची एका ओळीत गुंफलेली साखळी होय. या साखळीत सामान्यतः वीस प्रकारची ॲमिनो अम्ले आढळतात. त्या विसांना वर्णमाला मानले, तर प्रत्येक प्रथिन हा त्या वर्णांत लिहिलेला एक मजकूर ठरतो; त्याची लांबी काही डझन वर्णांपासून हजारो वर्णांपर्यंत असू शकते. हा मजकूर वर्णशः वाचता येतो हे फ्रेडरिक सँगर यांनी दाखवून दिले. इन्सुलिनमधील ५१ ॲमिनो अम्लांचा क्रम आणि त्यांची जोडणी त्यांनी १९५५ पर्यंत निश्चित केली आणि १९५८ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. तत्पूर्वी प्रथिनात असा निश्चित क्रम असतो की नाही, याविषयीच शास्त्रज्ञांत मतभेद होते.

मजकूर वाचता येऊ लागल्यावर संग्रहाची गरज भासली. १९६५ मध्ये अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ यांनी सहकाऱ्यांसह तोवर ज्ञात झालेल्या ६५ प्रथिनांचे अनुक्रम एका ग्रंथात एकत्र केले. प्रत्येक ॲमिनो अम्लाला रोमन लिपीतील एक अक्षर नेमून देण्याचा संकेत त्यांनीच रूढ केला. ग्लायसीनसाठी ‘जी’, लायसीनसाठी ‘के’, थ्रिओनीनसाठी ‘टी’, सेरीनसाठी ‘एस’, असा तो संकेत आहे; पुढील विवेचनात ती अक्षरे देवनागरीत दिली आहेत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. प्रथिनापासून प्रथिनाची प्रत निघत नाही. प्रत निघते ती जनुकाची, आणि जनुकातील मजकुरावरून प्रथिन पुन्हा पुन्हा घडविले जाते. जनुकाची प्रत निघताना क्वचित एखादा वर्ण बदलतो, गळतो किंवा अधिक पडतो. लेखनिकाच्या हातून जे घडते तेच येथेही घडते, आणि पिढ्यान्पिढ्या साचत गेलेल्या या फरकांमुळेच एका मूळ प्रथिनाच्या निरनिराळ्या सजीवांतील प्रती एकमेकींपासून दूर जातात.

३

दोन अनुक्रमांची तुलना करावयाची म्हणजे ते एकाखाली एक असे मांडावयाचे की समान वर्ण शक्यतो एका स्तंभात यावेत. मध्येच काही वर्ण गळले असतील, तर तेथे रिकामी जागा सोडावी लागते. परंतु अशा जागा हव्या तितक्या सोडल्या, तर कोणतेही दोन मजकूर सारखे भासविता येतील. म्हणून प्रत्येक साम्याला गुण आणि प्रत्येक रिकाम्या जागेला दंड अशी गणना करावी लागते. सर्वाधिक गुणांची मांडणी निश्चितपणे शोधून काढणारी गणिती रीत सॉल नीडलमन आणि क्रिश्चन वुन्श यांनी १९७० मध्ये मांडली. १९८१ मध्ये टेंपल स्मिथ आणि मायकेल वॉटरमन यांनी तिला वेगळे वळण दिले. दोन अनुक्रम आदीपासून अंतापर्यंत जुळतात काय, असे न विचारता, त्यांतील कोणते तुकडे परस्परांशी उत्तम जुळतात, हे त्यांच्या रीतीने शोधता येते. दोन ग्रंथ एरवी सर्वस्वी भिन्न असूनही त्यांत एकच उपाख्यान आलेले असावे, तसे हे आहे. प्रथिनातील अशा स्वतंत्रपणे घडी पडणाऱ्या आणि बहुधा स्वतंत्र कार्य करणाऱ्या तुकड्याला येथे ‘खंड’ म्हटले आहे.

सर्वच पाठभेद सारख्या वजनाचे नसतात. नागरी पोथीत ‘घ’ च्या जागी ‘ध’ किंवा ‘भ’ च्या जागी ‘म’ दिसला, तर संपादक त्याला फारसे महत्त्व देत नाही, कारण ही अक्षरे आकाराने जवळची आहेत. प्रथिनांतही ल्यूसीनच्या जागी आयसोल्यूसीन येणे हा किरकोळ फरक असतो. दोन्ही अम्लांचे गुणधर्म निकटचे आहेत. ट्रिप्टोफॅनच्या जागी दुसरे काही येणे ही मात्र गंभीर घटना होय. हे तारतम्य केवळ अंदाजावर न सोडता डेहॉफ आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये निकटच्या प्रथिनांच्या ७१ गटांतील १,५७२ बदल मोजले आणि कोणता वर्ण कोणत्या वर्णात किती सहजतेने बदलतो याचे कोष्टक तयार केले.

तुलनेला दोनांहून अधिक अनुक्रम घेतले म्हणजे पाठचिकित्सेतील जुनाच प्रश्न येथेही उपस्थित होतो : साक्षी मोजावयाच्या की तोलावयाच्या? विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९३३ साली आदिपर्वाच्या प्रस्तावनेत ज्या तत्त्वाला मध्यवर्ती स्थान दिले, ते असे की परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या शाखांचा एकमुखी पाठ हाच मूळ पाठाचा सर्वांत बळकट आधार होय. एका शाखेतील असंख्य पोथ्यांच्या संख्याबळाला त्यासमोर किंमत नाही. व्यासांचा लेखनिक म्हणून गणेशाची योजना झाल्याची लोकप्रिय कथा अशा कसोटीला न उतरल्यामुळेच परिशिष्टात गेली. मनुष्य आणि चिंपांझी यांच्या एखाद्या प्रथिनात शंभरही वर्ण सारखे असले, तरी त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही, कारण त्या दोन प्रती परवाच वेगळ्या झालेल्या आहेत. याउलट मनुष्य आणि जीवाणू यांच्यात आठच वर्ण त्याच क्रमाने टिकले असतील, तर अब्जावधी वर्षांच्या अंतरावरील त्या साक्षीकडे दुर्लक्ष करता येत नाही.

४

सजीवांच्या पेशींत शक्तीची देवघेव ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट या रेणूच्या द्वारे होते. संक्षेपाने त्यास एटीपी म्हणतात. १९२९ मध्ये कार्ल लोहमान यांनी जर्मनीत, आणि सायरस फिस्के व मूळचे आंध्रातील यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी अमेरिकेत, तो स्वतंत्रपणे शोधून काढला. या रेणूच्या शेवटी एकापुढे एक असे तीन फॉस्फेट गट असतात. शेवटचा गट तुटताना मिळणाऱ्या शक्तीवर स्नायू आकुंचन पावतात, क्षार पेशीच्या आतबाहेर नेले जातात, डीएनएची दुरुस्ती होते. ही सर्व कामे करणारी प्रथिने लांबीने, आकाराने आणि कार्याने इतकी भिन्न आहेत की त्यांच्यात काही नाते असावे, अशी शंकाही सहसा आली नसती.

वॉकर आणि त्यांचे सहकारी एटीपी तयार करणाऱ्या एटीपी सिंथेज या एंझाइमचा अभ्यास करीत होते. त्याच्या आल्फा आणि बीटा या दोन घटकांचे अनुक्रम परस्परांशी दूरचे नाते सांगत होते. ते इतर प्रथिनांशी ताडून पाहता स्नायूतील मायोसिन, ॲडेनिलेट कायनेज आणि एटीपी वापरणारी आणखी काही एंझाइमे यांच्यातही तोच लहानसा तुकडा त्यांना दिसला. आज ज्ञात असलेल्या अनुक्रमांवरून तो असा मांडता येतो :

मायोसिन : जी ई एस जी ए जी के टी
एटीपी सिंथेज, बीटा : जी जी ए जी व्ही जी के टी
एटीपी सिंथेज, आल्फा : जी डी आर क्यू टी जी के टी
जीवाणूंतील रेकए : जी पी ई एस एस जी के टी
ॲडेनिलेट कायनेज : जी जी पी जी एस जी के जी

पहिल्या स्थानी ग्लायसीन, मध्ये कोणतेही चार वर्ण, मग पुन्हा ग्लायसीन, त्यानंतर लायसीन आणि अखेरीस थ्रिओनीन किंवा सेरीन, असा हा आकृतिबंध आहे. ॲडेनिलेट कायनेजमध्ये आठव्या स्थानी ग्लायसीन असून थ्रिओनीन एक घर पुढे सरकले आहे. नियमाला असा एखादा अपवाद असतोच, आणि संपादकाप्रमाणे येथेही अपवादाची नोंद ठेवून नियम मांडावा लागतो. या तुकड्यापासून काही अंतरावर, चार जलद्वेषी वर्णांच्या मागोमाग ॲस्पार्टिक अम्ल येते, असा दुसराही आकृतिबंध त्याच निबंधात दाखविला आहे. पुढे हे दोन्ही वॉकर यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

नेमके हेच वर्ण का टिकले असावेत? ॲडेनिलेट कायनेजची त्रिमितीय रचना त्या वेळी ज्ञात होती आणि तिच्यात हा तुकडा साखळीच्या वळणावर येतो, असे दिसत होते. ग्लायसीन हे सर्वांत लहान ॲमिनो अम्ल असल्यामुळे साखळीला तेथे तीव्र वळण घेता येते आणि फॉस्फेट गटांना सामावणारी एक खोबण तयार होते. फॉस्फेटवर ऋण विद्युत्भार असतो, तर लायसीनवर धन. लायसीन त्यांना धरून ठेवते. थ्रिओनीन किंवा सेरीन हे एटीपीसोबत येणाऱ्या मॅग्नेशियमला आधार देते, आणि दूरचे ॲस्पार्टिक अम्लही त्याच मॅग्नेशियमच्या सन्निध येते. तात्पर्य, अनुक्रमात विखुरलेले दिसणारे वर्ण घडी पडल्यावर एकाच जागेभोवती जमतात. १९९४ मध्ये वॉकर यांच्याच गटाने गाईच्या हृदयातून मिळविलेल्या एटीपी सिंथेजच्या मुख्य भागाची रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने निश्चित केली. बारा वर्षांपूर्वी केवळ मजकुरावरून सांगितलेली गोष्ट तीत प्रत्यक्ष दिसली. १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात पॉल बॉयर आणि येन्स स्को यांच्यासमवेत वॉकर यांचा वाटा होता.

५

तथापि या पद्धतीचा मोह धोक्याचा आहे. वीसही वर्ण समप्रमाणात येतात असे क्षणभर गृहीत धरले, तर तीन निश्चित वर्ण आणि चौथ्या स्थानी दोनांपैकी एक, हा योग सुमारे ८०,००० स्थानांत एकदा निव्वळ योगायोगाने यावा. मानवी आतड्यात राहणाऱ्या एश्चेरिकिया कोलाय या जीवाणूत सुमारे ४,३०० प्रथिने आहेत. प्रत्येकी सरासरी ३०० वर्ण धरले तर सुमारे तेरा लाख स्थाने होतात. म्हणजे सोळा-एक ठिकाणी हा आकृतिबंध कोणत्याही नात्याविना आढळेल. ग्लायसीन प्रत्यक्षात सरासरीहून अधिक आढळते, त्यामुळे ही संख्या आणखी वाढते. म्हणून केवळ आठ वर्णांच्या आधाराने एखाद्या प्रथिनाला एटीपी-बंधक ठरविणे हे एका शब्दाच्या साम्यावरून दोन ग्रंथांचे एककर्तृत्व सिद्ध करण्यासारखे आहे. आसपासचा दीड-दोनशे वर्णांचा खंड, दुसरा आकृतिबंध आणि त्यांतील अंतर, हे सर्व जुळते की नाही ते पाहावेच लागते.

दुसरा धोका समान कार्यावरून समान कुळ मानण्याचा. प्रोटीन कायनेज या एंझाइमांचे मोठे कुळही एटीपी वापरते. कर्करोगकारक विषाणूतील ‘सार्क’ हे प्रथिन याच कुळातील आहे, हे विनोना बार्कर आणि डेहॉफ यांनी १९८२ मध्ये अनुक्रमांच्या तुलनेवरून दाखविले. १९८८ मध्ये स्टीव्हन हँक्स, ॲन क्विन आणि टोनी हंटर यांनी अशा ६५ कायनेजांची मांडणी करून त्यांच्या खंडातील जतन झालेले अकरा उपविभाग निश्चित केले. येथेही ग्लायसीनबहुल तुकडा आहे, येथेही एक अढळ लायसीन आहे. परंतु ग्लायसीनांची अंतरे निराळी आहेत, लायसीन दूरवर आहे आणि संपूर्ण खंडाची घडी वेगळ्या घाटाची आहे. गरज एकच असल्यामुळे दोन कुळांनी मिळताजुळता उपाय स्वतंत्रपणे शोधला, एवढेच म्हणता येते. भिन्न भाषांतील दोन कवींना एकच उपमा सुचावी आणि त्यात कोणी कोणाचे ऋणी नसावे, तसेच हे आहे.

तिसरी गोष्ट याच्या उलट आहे. स्नायूतील ॲक्टिन, साखरेवर क्रिया करणारे हेक्झोकायनेज आणि इतर प्रथिनांच्या घडीस साहाय्य करणारे एचएसपी-७० यांच्या अनुक्रमांत साम्य जवळजवळ उरलेले नाही. १९९० च्या सुमारास त्यांच्या रचना शेजारी ठेवल्या, तेव्हा एटीपी धरणारा खंड तिघांतही एकाच घाटाचा निघाला. शब्द सगळे बदलले, परंतु वृत्त तेच राहिले. साम्य दिसले म्हणजे नाते सिद्ध होत नाही, त्याचप्रमाणे साम्य दिसले नाही म्हणजे नाते नाही असेही होत नाही.

६

या वाचनाचे महत्त्व केवळ विद्वत्तेपुरते नाही, हे सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक विकाराच्या इतिहासावरून स्पष्ट होते. या विकारात फुप्फुसांत आणि स्वादुपिंडात चिकट स्राव साचतो. पूर्वी अनेक मुले त्यापायी बालपणीच दगावत. १९८९ मध्ये लाप-ची त्सुई, फ्रान्सिस कॉलिन्स आणि जॉन रिओर्डन यांच्या गटांनी त्याला कारणीभूत असलेले जनुक शोधून काढले. त्या जनुकाचे १,४८० वर्णांचे प्रथिन सीएफटीआर या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. ते काय करते हे त्या वेळी कोणी पाहिलेले नव्हते. परंतु त्याचा अनुक्रम वाचताच त्यात दोन एटीपी-बंधक खंड असल्याचे दिसून आले. पहिल्यात ‘जी एस टी जी ए जी के टी’ हा परिचित पाठ होता. पेशीच्या आवरणातून निरनिराळे पदार्थ नेणाऱ्या प्रथिनांच्या एका मोठ्या कुळाशी त्याचे नाते अशा रीतीने जुळले. मात्र ते क्लोराइडची वाट उघडणारे प्रथिन आहे, हे अनुक्रमावरून ठरले नाही. त्यासाठी १९९१ मध्ये स्वतंत्र प्रयोग करावे लागले. तुलनेने कुळ कळते. त्या कुळातील व्यक्तीचा व्यवसाय कळेलच असे नाही.

या प्रथिनातील दोन दोष येथे विशेष उद्बोधक आहेत. त्या कुळात वॉकर यांच्या आकृतिबंधांखेरीज ‘एल एस जी जी क्यू’ हा आणखी एक पाठ जतन झालेला आहे. काही रुग्णांत त्यातील चौथा वर्ण, म्हणजे ५५१ वे ग्लायसीन, बदलून ॲस्पार्टिक अम्ल होते. प्रथिन योग्य जागी पोहोचते, परंतु वाट जवळजवळ उघडतच नाही. जगात सर्वाधिक आढळणारा दोष मात्र निराळा आहे. त्यात ५०८ वे फिनिलॲलनीन गळालेले असते. हा वर्ण यांपैकी कोणत्याही प्रसिद्ध आकृतिबंधातील नाही. तरी तो गळाल्यामुळे पहिल्या खंडाची घडी नीट पडत नाही आणि बहुतेक प्रथिन पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचण्यापूर्वीच नष्ट केले जाते. एका ठिकाणी शब्द बिघडला आहे, दुसऱ्या ठिकाणी ग्रंथाची बांधणीच. उपायही त्यामुळे वेगळे निघाले. २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले आयव्हाकाफ्टर हे औषध प्रथम ५५१ व्या स्थानाचा दोष असलेल्यांसाठी होते. ५०८ व्या स्थानाच्या दोषावर ते एकटे पुरेसे ठरले नाही, आणि त्यासाठी घडी सावरणाऱ्या औषधांची जोड असलेले तिहेरी मिश्रण २०१९ मध्ये मान्य झाले. कोणता वर्ण कोणत्या कारणासाठी जतन झाला आहे, हे जाणण्यावर उपचाराची दिशा अवलंबून असते, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

७

पाठचिकित्सा आणि अनुक्रमांची तुलना यांचे नाते आता एकतर्फी राहिलेले नाही. १९९८ मध्ये चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’ मधील एका भागाच्या ५८ हस्तलिखितांचा वंशवृक्ष जीवशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या संगणकीय रीतींनी मांडण्यात आला. अडचणीही दोन्हीकडे सारख्याच आहेत. एका पोथीवरून उतरविताना दुसऱ्या शाखेची पोथी पाहून पाठ सुधारण्याची लेखनिकांची सवय वंशवृक्ष गढूळ करते. जीवाणूंत परक्या जातीचे जनुक आयते उचलले जाते, तेव्हा नेमके हेच घडते.

परंतु एका ठिकाणी हे साम्य संपते, आणि ते ठिकाण सर्वांत महत्त्वाचे आहे. लेखनिकाची चूक ग्रंथाला मारीत नाही. अर्थ बिघडलेली पोथीही मठात पुजली जाते, तिच्याही प्रती निघतात. प्रक्षेप तर कित्येकदा मूळ पाठाहून अधिक लोकप्रिय ठरतो. म्हणून पोथ्यांचे एकमत भूतकाळाविषयी सांगते : पूर्वी हा पाठ असा होता. प्रथिनाच्या बाबतीत मारक चूक असलेली प्रत तिच्या धारकासह नाहीशी होते. तेथील एकमत भूतकाळाबरोबर वर्तमानाविषयीही सांगते : हा वर्ण असा होता, आणि तो असाच असणे आजही आवश्यक आहे. शिवाय संपादकाला व्यासांच्या श्लोकातील शब्द बदलून परिणाम पाहता येत नाही. जीवरसायनशास्त्रज्ञाला मात्र आकृतिबंधातील लायसीन मुद्दाम बदलता येते, आणि अनेक प्रथिनांत तसे केल्यावर एंझाइमचे कार्य थांबते, असे आढळून आले आहे.

आज प्रथिनांच्या रचनांचे भाकीत संगणक करतात. त्या कार्यासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्यांच्या अल्फाफोल्ड या प्रणालीचाही मोठा आधार म्हणजे एकाच प्रथिनाच्या शेकडो प्रतींची एकाखाली एक केलेली मांडणी हाच आहे. साधने बदलली, वेग कल्पनेपलीकडे वाढला, तरी साक्षी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत काय आणि त्यांचे एकमत योगायोगाचे, वारशाचे की गरजेचे आहे, हे प्रश्न यंत्रापुढेही तसेच आहेत. ज्या विद्याशाखेने ते पोथ्यांच्या संदर्भात शतकानुशतके हाताळले, तिच्या अभ्यासकांना या नव्या वाचनाकडे परकेपणाने पाहण्याचे कारण नाही.